छायाबाईंची पट्टी

आपली गाठ, आपलं यकृत आणि आपलं आतडं बिस्किटाएवढ्या एका काचेच्या पट्टीत जिवंत ठेवलंय, हे ऐकल्यावर छायाबाई कोळेकर आधी खळखळून हसल्या. मग डोळे बारीक करून पट्टीकडे बघत म्हणाल्या, "एवढी माणसं बसलीत आत, तिकीट काढलंय का कुणी?"

उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली बाई. मिरज-जत गाडीवर त्यांचा आवाज इंजिनाच्या वर चढायचा. मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला तेव्हा त्या आवाजाची धार कमी झाली. जीभ मात्र होती तशीच राहिली.

"आई, हसण्यावारी नेऊ नकोस," त्यांची लेक अक्षता म्हणाली. "या तुझ्याच पेशी आहेत. तुला कुठलंही औषध द्यायच्या आधी आम्ही या पट्टीला देऊन बघणार. काही वाईट व्हायचं असेल तर ते हिला होईल, तुला नाही."

"म्हंजे माझ्या वाटणीचं दुखणं ही काढणार?"

"तसंच समज."

"मग लई गुणाची हाय म्हणायची. सुनेपेक्षा बरी," छायाबाई म्हणाल्या आणि दारात उभ्या असलेल्या सुनेकडे, पूनमकडे बघून त्यांनी डोळा मारला.

अक्षता मिरजेतल्या एका कर्करोग संशोधन केंद्रात होती आणि गेल्या काही वर्षांत तिथलं सगळं काम या पट्ट्यांभोवती फिरू लागलं होतं. कल्पना साधी होती. रुग्णाच्या गाठीचा आणि निरोगी अवयवांचा कणभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या आणि पारदर्शक पट्टीत कोरलेल्या केसासारख्या बारीक पाटांमध्ये त्यांना वस्तीला ठेवायचं. एका पाटात गाठ, दुसऱ्यात यकृत, तिसऱ्यात आतड्याचं अस्तर. तिन्हींना जोडणारा चौथा पाट रक्तवाहिनीच्या जागी. त्यातून गुलाबी पोषकद्रव वाहता ठेवायचा. पूर्वी औषध लागू पडेल की नाही ते रुग्णाला देऊनच कळायचं. आता ते आधीच कळू लागलं. पट्टीची भाकितं इतकी खरी ठरत गेली की डॉक्टर खाटेवरच्या माणसाच्या आधी पट्टीची विचारपूस करू लागले. पुढे तसा नियमच झाला. केमो चालू असताना जोडीने दुसरं काही द्यायचं असेल, मग तो काढा असो, भस्म असो, नाहीतर कुणाच्या मावशीने सांगितलेला पाला असो, आधी पट्टीचा होकार हवा.

हा नियम सगळ्यात आधी अक्षताच्या माहेरीच मोडला, आणि तोही तिच्या धाकट्या भावाने, पूनमच्या नवऱ्याने.

हर्षदने डॉक्टरकी चीनमध्ये, चेंगडूला केली होती. इथला प्रवेश थोडक्यात हुकला म्हणून गेला. परत आला तेव्हा गल्लीत त्याचं नाव 'चायना मेड' पडलेलं होतं. "डॉक्टर, गॅरंटी किती महिन्यांची?" असं लोक विचारायचे आणि तोही हसून म्हणायचा, "खोकं फोडलं की गॅरंटी संपली." पण तिथल्या रुग्णालयात त्याने जे पाहिलं होतं ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. तिथे केमोच्या वॉर्डाला लागूनच काढ्यांचा विभाग होता, आणि दोन्हीकडचे डॉक्टर एकाच टेबलावर बसून जेवायचे.

छायाबाईंचं केमोचं औषध गाठीवर भारी होतं, पण ते आतड्याच्या अस्तरालाही सोडत नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर जुलाबांनी त्यांचं पार चिपाड झालं. तिसरी फेरी झाल्यावर अक्षता घरी आली, तर आई पाटावर बसून भाकरी आणि पातळ आमटी खात होती. स्वयंपाकघरातून एक कडसर, मातकट वास येत होता.

"हे काय शिजतंय?" तिने विचारलं.

"चिनी चहा," छायाबाई म्हणाल्या. "साखर घातली तरी फरक पडत न्हाई."

हर्षद ओट्याशी उभा होता. त्याने पातेल्यावरचं झाकण काढून दाखवलं. "चारच जिन्नस आहेत, अक्का. हुआंगछिन नावाची ही पिवळी मुळी, पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ, ज्येष्ठमध आणि ही वाळलेली लाल बोरं. तिकडे जुलाबावर पिढ्यान्‌पिढ्या देतात."

"आणि हे तू मगदूम मॅडमना न विचारता देतोयस?" डॉक्टर मगदूम आईवर उपचार करत होत्या. "हर्षद, तू डॉक्टर आहेस!"

"गाठ यानं जाईल असं मी म्हणतच नाही. गाठीला केमोच मारणार. पण अस्तर टिकलं तर आईला केमो पूर्ण ताकदीनं घेता येईल. नाहीतर मॅडम डोस कमी करणार आणि गाठीला मोकळं रान मिळणार. बघ ना, या फेरीत ती कशी आहे."

"शरीर तिसऱ्या फेरीपर्यंत सरावतं कधीकधी. काढ्यामुळेच झालं कशावरून?"

"मग तुझ्या पट्टीवर लाव," हर्षद म्हणाला. "माझी ना नाही. पट्टी नाही म्हणाली तर हे पातेलं मी स्वतः घासून ठेवीन."

"माझ्यावरनं भांडू नका," आमटी भुरकत छायाबाई म्हणाल्या. "जाणार ते माझ्या पोटात, तुमच्या न्हवं."

अक्षताने तिथेच ठरवलं की ही चाचणी अशी करायची की उद्या कुणी बोट ठेवायला नको. आईची आहे म्हणून सवलत नाही आणि भावाची आहे म्हणून राग नाही. हर्षदला तिने प्रयोगशाळेत बोलावून घेतलं आणि काढा त्याच्याच हातून करवला. चारही जिन्नस त्याने नेहमीसारखे एकत्र उकळले, फडक्यातून गाळले, निवू दिले. मग तो काढा अक्षताने हाती घेतला आणि निर्जंतुक गाळणीतून काढला.

या गाळणीबद्दल कुणी बोलत नसे. पट्टीतल्या पेशींना शरीरासारखं संरक्षण नसतं. एक जिवाणू आत शिरला तरी सगळी वस्ती उठते. म्हणून पट्टीत जाणारा प्रत्येक थेंब अशा पडद्यातून जातो, ज्याची छिद्रं केसाच्या जाडीच्या तीनशेव्या भागाएवढी असतात. पहिल्याच दिवशी हे शिकवतात आणि नंतर हात ते आपोआप करतात, उंबऱ्यात चप्पल काढावी तसं. काढा गाळणीत थोडा अडला. अक्षताने जोर लावला, एक गाळणी बदलली, आणि खालच्या बाटलीत सोनेरी, आरपार दिसणारं पाणी जमा झालं.

"काय सुंदर रंग आलाय!" हर्षद म्हणाला. "घरी असा कधी होत नाही."

"घरी स्वच्छता नसते," अक्षता म्हणाली.

आईच्याच पेशींच्या दोन जोडपट्ट्या तिने घेतल्या. दोन्हींत केमोचं औषध सोडलं, एकीत त्याच्यासोबत काढा. आठवड्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर दोन्हींतलं अस्तर सारखंच फाटलेलं होतं. आतड्याच्या आतल्या बाजूला गवताच्या पात्यांसारखे उंचवटे असतात; दोन्हीकडे ते झडून गेले होते, जनावरं चरून गेलेल्या माळासारखे. काढ्याच्या पट्टीत वेगळं दिसलं ते एवढंच, की यकृताच्या पेशींवर किंचित ताण आला होता. तिने चाचणी पुन्हा केली. तेच.

फायदा शून्य, यकृतावर थोडा भार. तिने अहवालात एवढंच लिहिलं, आणि ते तंतोतंत खरं होतं.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा हर्षदने आकडे हातात घेऊन नीट पाहिले. त्याने वाद घातला नाही. तो नुसता खुर्चीत मागे टेकला.

"पण मला बरं वाटतंय की गं," छायाबाई म्हणाल्या.

"आई, बरं वाटणं हा पुरावा नसतो. नुसतं साखरेचं पाणी औषध म्हणून दिलं तरी कितीतरी लोकांना बरं वाटतं. हर्षदच्या हातचं आहे म्हणून तुला वाटतं."

"त्याच्या हातचं पोहेबी खाल्लेत मी. त्यानं कधी बरं वाटलं न्हाई." मग त्या म्हणाल्या, "पट्टीला इचारलंस, ते ठीक. पण सकाळी उठून मोरीत पट्टी जाती का मी जाती?"

पूनमला हसू आवरलं नाही. अक्षताला मात्र हसू आलं नाही. तिला आईचा जीव वाचवायचा होता, आणि आई थट्टा करत होती.

"तुझ्या यकृताला आधीच केमो पेलायचाय. त्यात उगीच हे ओझं का? मगदूम मॅडमचंही हेच मत आहे. तुला माझ्यावर विश्वास नाही का?"

हा प्रश्न तिने विचारायला नको होता, हे तिला फार पुढे कळलं. त्या प्रश्नाला आईकडे एकच उत्तर होतं.

"ठेव बाबा ते भांडं खाली," छायाबाई हर्षदला म्हणाल्या. "एवढी शिकली ती काय उगंच? अक्कीचं ऐकायचं."

हर्षदने खरोखरच पातेलं घासून पालथं घातलं.

पुढच्या फेरीनंतर जुलाब परत सुरू झाले. मगदूम मॅडमनी डोस उतरवला. त्याच्या पुढच्या फेरीला आणखी उतरवला, मग एक फेरी चुकवली, मग शरीराला उसंत हवी म्हणून उपचार काही काळ थांबवले. गाठीने उसंत घेतली नाही. एकदा, फक्त एकदा, हर्षद अक्षताला दवाखान्याच्या जिन्यात गाठून म्हणाला, "पुन्हा सुरू करून बघूया का गं? मला माहिताय पट्टी काय म्हणाली ते. तरी."

"तुझ्या समाधानासाठी आईच्या यकृताशी खेळायचं का, हर्षद?"

तो परत त्या विषयावर बोलला नाही. शेवटी शेवटी छायाबाईंना पाणीसुद्धा पचेना. पण जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी नर्सला बजावलं होतं, "सलाईन लावताय, लावा. पण पुढच्या स्टॉपला मी उतरणार हाय."

छायाबाई गेल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी पूनमला मुलगी झाली. नाव ठेवलं रेवा.

त्या काळात हर्षद बदलला. चिनी काढ्यांची नावं त्याने आपल्या छोट्या दवाखान्याच्या पाटीवरून पुसून टाकली. दोन-तीन रुग्ण त्याच्याकडे याच काढ्यासाठी यायचे, त्यांना त्याने अक्षताचा अहवाल दाखवून परत पाठवलं. बारशाच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, तो तिच्याजवळ येऊन बसला.

"अक्का, एक सांगायचं राहिलंय. तू होतीस म्हणून बरं झालं. नाहीतर मी शेवटपर्यंत तिला पालाच पाजत बसलो असतो, आणि मग जन्मभर वाटत राहिलं असतं की माझ्यामुळे गेली."

अक्षताने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला त्याचा अभिमान वाटला, खरं म्हणजे स्वतःचाही थोडा.

एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. आईची पट्टी अजून जिवंत होती. रुग्ण गेल्यावर कुटुंबाला विचारून पट्टी नष्ट करायची असते. अक्षताने विचारलंच नाही, कारण विचारायचं ते आधी तिला स्वतःलाच होतं. रोज सकाळी कामाला सुरुवात करताना ती पट्टीतला द्रव बदलायची. आतड्याच्या पाटाला एक चिमुकला पंप हलकेच दाबत आणि सोडत राहायचा. ती हालचाल नसली तर त्या पेशी आपण आतडं आहोत हेच विसरतात. अक्षता क्षणभर ती हालचाल बघायची आणि मग दिवसाच्या कामाला लागायची. केमो थांबल्यावर अस्तर पुन्हा उगवलं होतं. पट्टीत ते नेहमीच उगवतं. तिथे वाट बघायला वेळ असतो.

जुनं घर भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा दोघांनी मिळून स्वयंपाकघर आवरलं. फळीवर हर्षदच्या काढ्याच्या दोन पुड्या निघाल्या.

"टाकून दे," तो तोंड फिरवून म्हणाला.

तिने त्या पर्समध्ये टाकल्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. रविवारी, आपल्या घरी, तिने त्यातली एक पुडी पातेल्यात उकळली. तो कडसर वास घरभर पसरला आणि तिला आमटी भुरकणारी आई दिसली. काढा तिने फडक्यातून गाळला, काचेच्या पेल्यात ओतला आणि प्यायचं की नाही याचा विचार करत तशीच टेबलाशी बसून राहिली.

काढा निवत गेला तसा तो गढूळ झाला.

आधी तिचं लक्ष गेलं नाही. मग गेलं. पेल्याच्या पलीकडचं काही दिसेना. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा पिवळट पांढुरका रंग आला होता. तिने पेला उजेडाकडे धरला. तिने पट्टीला दिलेला काढा असा नव्हता. तो सोनेरी होता, आरपार दिसणारा, सुंदर.

अक्षताने पेला न पिता खाली ठेवला.

शास्त्र इतकं सोपं होतं की त्याचाच तिला संताप आला. ज्येष्ठमधातले काही रेणू साबणासारखे असतात. त्यांच्या एका अंगाला पाणी आवडतं, दुसऱ्याला नाही. पिवळ्या मुळीतल्या कडू रेणूंना पाण्यात विरघळायचं जिवावर येतं. दोन्ही एकत्र उकळून निववले, की साबणाचे रेणू कडू रेणूंभोवती कोंडाळं करतात आणि त्यांचे बारीक बारीक कण बनतात. वेगवेगळं उकळून नंतर मिसळलं तर ते बनत नाहीत. डोळ्याला हे कण दिसत नाहीत, पण उजेड विखुरतात, म्हणून पाणी गढूळ दिसतं. आणि ते निर्जंतुक गाळणीच्या छिद्रांपेक्षा मोठे असतात. म्हणून त्या दिवशी गाळणी अडली होती. तिने जोर लावून, गाळणी बदलून, काढ्यातला काढा बाहेर ठेवला होता आणि उरलेलं रंगीत पाणी आईच्या पेशींना पाजलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गाळणी न वापरता काढा केला. जंतू नकोत म्हणून तो बंद बाटलीतच उकळला आणि बाटलीतच निववला. इतकं साधं होतं ते. आईच्या पट्टीच्या शेवटच्या दोन जोडपट्ट्या तिने काढल्या आणि तीच चाचणी पुन्हा लावली. आठवडाभर तिने मनोमन एकच इच्छा केली, जी कुठल्याही संशोधकाने करू नये. हे चूक निघू दे. काढा निरुपयोगी निघू दे.

केमो एकटा दिलेल्या पट्टीत माळ उजाड होता. दुसऱ्या पट्टीत गवत उभं होतं. थोडं विरळ, कुठेकुठे खुरटलेलं, पण उभं. यकृतावरचा ताण आधीएवढाच होता, किंचित. आणि गाठ दोन्हीकडे सारखीच खंगली होती. काढ्याने केमोच्या वाटेत पाय घातला नव्हता.

आईचं आतडं बरं झालं होतं. फक्त आई नव्हती.

पट्टीचे सगळेच अहवाल जातात तसा अक्षताचा अहवालही तोवर देशभरच्या रुग्णालयांच्या संदर्भसूचीत गेलेला होता. त्याच्यावर बोट ठेवून किती जणांची पातेली पालथी घातली गेली, हे तिला कळायला मार्ग नव्हता. अहवाल मागे घ्यायलाच हवा होता, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण नुसतं 'चुकलं' म्हणून भागणार नव्हतं. कण पेशींमध्ये शिरतात हे दाखवायचं, तर ज्या पट्टीवर पहिला निष्कर्ष काढला तिलाच काही दिवस न गाळलेला काढा देऊन, मग ती फॉर्मॅलिनने स्थिर करून, तिचे पातळ काप घेऊन दाखवायला हवं होतं. स्थिर करणं हा प्रयोगशाळेचा शब्द. साध्या भाषेत, मारणं. आणि गेलेल्या रुग्णाच्या पट्टीवर असा प्रयोग करायला सगळ्या वारसांची संमती लागते.

वारस दोघं होते.

तिने हर्षदला केंद्रात बोलावलं. तो रेवाचे फोटो दाखवतच आत आला. "बघ, आईचं नाक घेतलंय. म्हणजे हिच्याशीबी कुणी वाद घालायचा नाही."

तिने सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबली नाही, आवाज चढवला नाही, स्वतःची बाजू मांडली नाही. तिने दोन्ही पट्ट्यांची चित्रं समोर ठेवली. तो ती डॉक्टरच्या डोळ्यांनी वाचत गेला, आणि त्याचा चेहरा हळूहळू कसा बदलतोय ते तिला बघावं लागलं.

"ही अजून जिवंत आहे?" त्याने आधी तेच विचारलं.

"हो."

"इतके महिने? आणि मला बोलली नाहीस?"

"नाही."

मग तो म्हणाला, "सही लागत नसती, तर हे तरी सांगितलं असतंस का?"

तिला हो म्हणायला वाव होता. "माहीत नाही," ती म्हणाली. "अहवाल दुरुस्त केलाच असता. तुला सांगितलं असतं की नाही, माहीत नाही. तुला शांत झोप लागत होती."

हर्षद हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "पूर्ण डोस मिळाला असता तर?"

"पट्टीवरून माणसाचं आयुष्य मोजता येत नाही. अंदाज..."

"रेवाला बघितलं असतं का तिनं?"

अक्षताने तो हिशेब केला होता. एकदा नव्हे, अनेकदा.

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे हो," ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. तिची चाकं लांबपर्यंत वाजत गेली.

"तू पट्टीचं ऐकलंस," हर्षद म्हणाला. "मी तुझं ऐकलं." त्याने कागद ओढून घेतला, सही केली आणि पेन जागेवर ठेवलं. रागाने टाकलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"बघू का?" त्याने विचारलं.

तिने सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे वळवला. तो बराच वेळ डोळा लावून वाकून राहिला.

"हलतंय," तो म्हणाला.

"पंप आहे तो."

"माहिताय मला पंप आहे ते, अक्का."

तिने हातमोजे चढवले, फॉर्मॅलिनची बाटली कपाटातून काढली आणि नळी जोडायला घेतली. हर्षद तिच्या हातांकडे बघत होता.

"आज दिलंस हिला?"

"काय?"

"खायला. ते रोजचं."

"नाही. स्थिर करायच्या दिवशी देत नाहीत. पोषकद्रवातले कण कापांत दिसतात, मग चित्र स्वच्छ येत नाही."

"तिकडे दवाखान्यात पण तिच्या तोंडात काही गेलं नव्हतं, शेवटी," हर्षद म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "उपाशी नको पाठवू, अक्का. निघणाऱ्याला कुणी उपाशी पाठवतं का?"

अक्षताला ठाऊक होतं की यामुळे कापांवर धूसरपणा येईल, तपासणारे प्रश्न विचारतील, आणि प्रत्येक प्रश्नाला तिला उत्तर द्यावं लागेल. तिने फॉर्मॅलिनची नळी खाली ठेवली. थंडपेटीतून न गाळलेल्या काढ्याची बाटली काढली आणि ड्रॉपरसकट त्याच्या पुढ्यात सरकवली.

हर्षदने बाटली हलवून तळाचा गाळ वर येऊ दिला. पट्टीच्या तोंडाशी ड्रॉपर नेताना त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. गढूळ पिवळट थेंब पाटात उतरला आणि हळूहळू पुढे सरकत गेला. मग दुसरा. मग आणखी एक.

"पुरे?" त्याने विचारलं.

"पुरे."

त्याने बाटलीचं झाकण लावलं आणि तो बाजूला झाला, तिला जागा द्यायला. पण अक्षताने नळी उचलली नाही.

"लगेच नको," ती म्हणाली. "पचायला थोडा वेळ लागतो."

तिने एक स्टूल त्याच्याकडे ओढलं, दुसरं आपल्याला घेतलं, आणि ती दोघं पट्टीच्या दोन्ही बाजूंना बसून राहिली.